गोटीरामकाकांची फुंकर

"काका, हे डाग बघा." क्षिप्रा मॅडमनी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला आणि खुर्ची मागे सरकवली.

गोटीराम पाटलांनी वाकून पाहिलं. तांब्याची पातळ फॉइल, तिच्यावर हजारो बारीक भोकं आणि मधोमध काळा, जळका ठिपका. भोवती वाळलेले थेंब. थेंब त्यांच्याच थुंकीचे होते.

चौतीस वर्षं काका बोनकोडे गावातून या प्रयोगशाळेत येत होते. काम एकच, क्ष-किरणांचे कण मोजणारे डबे बांधायचे. डब्यात गॅस भरायचा आणि केसाहून बारीक तारा ताणायच्या. एकेक कण आत शिरला की तारेतून खूण मिळे. तार बसवली की काका दिव्याखाली तिच्यावर हलकी फुंकर मारत. ती कशी थरथरते त्यावरून ताण बरोबर की ढिला, ते त्यांना कळे. यंत्रही तेच सांगे, पण अर्ध्या तासानं. भलेभले शास्त्रज्ञ त्या फुंकरीवर विसंबून असत.

आता तारा गेल्या आणि ही फॉइल आली. सेकंदाला लाखो कण मोजणारी. बाहेरून मागवलेली, आठ महिने वाट पाहून एकच मिळाली होती. काल आतल्या धूळमुक्त खोलीत ती चौकटीत बसवताना चष्म्यावर वाफ धरली म्हणून काकांनी मास्क खाली ओढला. काम मनासारखं जमलं आणि सवयीनं फुंकर मारली गेली. आज व्होल्टेज चढवलं, थुंकीच्या थेंबांपाशी ठिणगी पडली, खेळ खलास. जित्याची खोड, दुसरं काय!

क्षिप्रालाही कळायचं ते कळलं होतं. पण दोन महिन्यांवर आलेली काकांची निवृत्ती वर्षभर पुढे ढकलावी, असं पत्र तिनंच वर पाठवलं होतं. काकांना ते वर्ष हवं होतं, अगदी हावरटासारखं हवं होतं. रिकाम्या हातांनी घरी बसायच्या विचारानंच त्यांचा जीव घाबरा होई.

"मी रिपोर्टात लिहिते, फॉइल मुळातच खराब आली," ती हळूच म्हणाली. "कोण विचारतंय?"

काकांना मोह झाला. खोटं कशाला सांगा, चांगलाच झाला.

"तसा नको, मॅडम," काका शेवटी म्हणाले. "तिकरं कोनीतरी डोले फोरून बनवलीय ती. त्याच्या माथी कशाला? लिवा, गोटीरामनी फुंकर मारली."

"तुमचं एक्स्टेन्शन जाईल, काका."

"मना म्हायत हाय. लिवा."

तिनं लिहिलं. वाक्य एकच होतं, पण मध्ये दोनदा पेन थांबलं. काकांनी खाली सही केली, अंगातला पांढरा कोट काढला आणि त्याची नीट घडी घातली.

"उद्यापासून मी आत नाय येत. दोन महिने रायलेत, कुठं बसू तेवरा सांगा."

बाहेरच्या खोलीत एकच खुर्ची होती, तिच्यावर रिकामी खोकी रचलेली. क्षिप्रा बाहेर गेली आणि एकेक खोकं उचलून खाली ठेवू लागली.