तोंडात बोळा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे आणि माझा मुक्काम वाचनालयात आहे. हसलात ना? भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी आणि तिच्या बरोबर खाली मी! वाचनालय सांभाळणाऱ्या बाई पुस्तकांच्या कपाटांमागे गेलेल्या असल्या की लोक माझ्या डोक्यावरची कळ दाबतात आणि मी ठणकन वाजते.

एका ओताऱ्याने मला घडवलं. पितळ वापरताना त्याने हात आखडता घेतला नाही, म्हणून माझा आवाज खणखणीत आहे. आधी मी एका लॉजमध्ये होते. ते बंद पडलं तेव्हा मोडीत जाता जाता वाचले आणि इथे आले. इथे माणसांचे नाना नमुने पाहिले. कुणी बोटाला थुंकी लावून पानं उलटतं, कुणी पानांचे कान मुडपतं. कुणी म्हणतं, “मागे एकदा नेलं होतं ना, ते निळं पुस्तक द्या.” काही महाभाग तर बाई समोर उभ्या असताना मला बडवतात. बाई मात्र “आले हं” म्हणतात आणि राग गिळतात. त्यांच्या जागी मी असते तर केव्हाच कुणाच्या तरी टाळक्यात बसले असते.

या सगळ्यांवर कडी म्हणजे खिडकीपाशी बसणाऱ्या आजी. रोज यायच्या, पुस्तक बदलायच्या आणि मग उगाचच मला वाजवायच्या. एकदा, दोनदा, पुन्हा एकदा. बाई हातातलं काम टाकून धावत यायच्या, तर आजी नुसत्या गोड हसायच्या. “काय हवंय आजी?” विचारलं तर म्हणायच्या, “बरं बरं.”

एका सकाळी बाईंचा दिवस वाईट उगवला. रोज शब्दकोडी सोडवायला येणाऱ्या एका काकांनी नव्या मासिकातलं कोडं ब्लेडने कापून नेलं होतं आणि वर बाईंशीच वाद घातला होता. तेवढ्यात आजी दारात दिसल्या. बाईंनी मला उचललं, धूळ पुसायचं फडकं चुरगाळून माझ्या पोटात कोंबलं आणि परत जागेवर ठेवलं. “आज जरा गंमत बघा,” बाई पेपर वाचत बसलेल्यांना हळूच म्हणाल्या.

आजींनी कळ दाबली. मी वाजले नाही. त्यांनी जोरात दाबली, मग दोन्ही हातांनी दाबली. पेपर वाचणारे फिदीफिदी हसले. बाईसुद्धा तोंडावर पदर धरून हसल्या. आणि मित्रांनो, सांगायला लाज वाटते, पण बरं झालं, तेवढीच विश्रांती, असं मलाही वाटलं. आजींचा चेहरा पांढराफटक पडला. घ्यायला काढलेलं पुस्तक टेबलावरच ठेवून त्या निघून गेल्या.

त्या पुन्हा आल्या नाहीत. काही दिवसांनी त्यांची सून आली. म्हणाली, “सासूबाईंचं नाव कमी करा. त्यांना कित्येक दिवसांपासून नीट ऐकू येत नाही. कुणाला कळू देत नाहीत. इथे सगळेच गप्प बसलेले असतात, म्हणून इथे यायला त्यांना आवडायचं. तुमची घंटी तेवढी ऐकू यायची. आता तीही येत नाही म्हणतात. अंथरूण धरलंय त्यांनी.”

बाईंनी मला जवळ ओढलं. माझ्या पोटात फडकं अजून तसंच होतं; शांतता बरी वाटली म्हणून बाईंनी ते काढलंच नव्हतं. आता त्यांनी ते उपसलं. मला पिशवीत घालून त्या तशाच सुनेबरोबर निघाल्या.

आजींच्या खाटेजवळ बाईंनी मला वाजवलं. मी जीव तोडून वाजले. आजी ताडकन उठून बसल्या. “आली गं! ऐकू आली!” म्हणत त्यांनी बाईंचे हात घट्ट धरले. “कान उघडले बघ माझे!”

तिथेच थांबता आलं असतं. आजी खूश, सून खूश, बाई तर देवमाणूस ठरल्या होत्या. पण बाई कानाशी वाकून म्हणाल्या, “तुमचे कान बंद झालेच नव्हते आजी. मीच हिच्यात बोळा कोंबला होता.”

“काय म्हणालीस?”

बाईंना ते पुन्हा सांगावं लागलं, घसा ताणून, सुनेसमोर, शेजारच्या घरात ऐकू जाईल इतकं मोठ्याने. शरमेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग बाईंचं काय झालं असेल!

आजींनी धरलेले बाईंचे हात सोडले. मग म्हणाल्या, “कंटाळली होतीस होय मला? तसं सांगायचंस ना गं. मी वाजवली नसती.”

मित्रांनो, एखाद्याच्या सवयीचा वैताग आला तर तोंडावर सांगा, हवं तर भांडा. पण चारचौघांत त्याची गंमत करू नका. ती सवय कशासाठी आहे हे आपल्याला ठाऊक नसतं.

आजी आता पुन्हा येतात. मला एकदाच वाजवतात, तेही अगदी हलक्या बोटाने. बाई लगेच मान डोलावतात, “वाजवा ना आजी, अजून वाजवा,” म्हणतात. आजी हात उचलतात, आजूबाजूला बघतात आणि मागे घेतात. तेवढ्या आवाजात त्यांना मी ऐकू आले की नाही, हे त्या आता कुणालाच सांगत नाहीत.