घुबडाला मारलेला गोटा

हे कोणालाच खरं वाटणार नाही, आणि न वाटलेलंच बरं. वाटलं तर हरीओमची बायको पोलिसात जाईल. आमच्या ओट्यावर ऊन खायला जमलेल्या मंडळींना सांगितलं, तसंच इथं लिहितो.

आसेगावच्या शिवारात माझ्या हरभऱ्याच्या कडेला एक पडकी विहीर आहे. तिच्या कपारीत पांढऱ्या तोंडाच्या घुबडांचं जोडपं राहायचं. राखणीला मी एकटा, बोलायला हीच दोघं. मी काहीही सांगितलं तरी माना वळवून ऐकायची, मधे टोकायची नाहीत. घरात एवढा मान कोण देतो?

मागच्या पौषात वाशीमचा फोटोवाला हरीओम आला. लग्नांचे फोटो काढून कंटाळला होता. आता त्याला घुबडाचा फोटो स्पर्धेला पाठवायचा होता. मादी कपारीच्या तोंडाशी कोवळ्या उन्हात डोळे मिटून बसलेली.

"आबाजी, हे डोये काहून नाही उघडून राह्यलं?"

"झोपलं हाय बाप्पा. तू काय डोये उघडे ठेवून झोपतं?"

त्यानं गोटा उचलला. मी "अरे, अरे" म्हणेपर्यंत मारलासुद्धा. पंखावर बसला. ती एका अंगानं, वाकडी उडाली, नर तिच्यामागं गेला, आणि हा पठ्ठ्या खटाखट फोटो काढत हसत होता. विहीर ओस पडली.

त्याच फोटोला बक्षीस मिळालं. हरीओमच्या गळ्यात हार पडला, आणि मी रोज रिकाम्या कपारीशी बोलत बसलो. मनात म्हटलं, बेट्या, तुला सोडत नाही.

आपल्याकडं लहान पोरालाही ठाऊक आहे: घुबडाला गोटा मारला, तर ते तो उचलून पाण्याकाठी नेतं, घासत बसतं. गोटा झिजतो, तसा मारणारा झिजतो. म्हणून मी तो गोटा शोधून काठावर नीट मांडला. एका संध्याकाळी मादी आली, पंजात धरून नाल्यावर घेऊन गेली. खर्र खर्र आवाज मी या कानांनी ऐकला.

इकडं हरीओमची पँट ढिली झाली. मग कॅमेरा गळ्यात घातला की तो पुढं तोंडावर पडू लागला. दिवाळीत त्याची बायको त्याला पोराचा सदरा घालत होती. एसटीत कंडक्टरनं अर्धं तिकीट फाडलं. आता तर तो तिपाईवर कॅमेऱ्याच्या जागी स्वतःच उभा राहतो.

"मग आता?" मोबाइलच्या दुकानातला मोईन पुढं सरकला. "गोटा किती उरला, आबाजी?"

"तुरीच्या दाण्याएवढा. एकदा घासला की खेळ खलास!"

तेवढ्यात आमची तुळसाबाई लाटणं हातात घेऊन दारात आली.

"काहून खोटं बोलून राह्यले जी? घुबड कुठी आलं परत? रोज सकाळी तुमीच गोटा घासून राह्यले होते, माह्या पाट्यावर! ठेच्यात कचकच येते म्हणून मी सुनेले बोल लावले. अन तो हरीओम परवा बाजारात भेटला मले, दोन माणसाइतका जाडा झाला. तो नाही झिजला, माहा पाटा झिजला!"