मोठ्या अक्षरांची कळ

मी शिफ्टची कळ बोलतेय. चेन्नईतल्या एका इंग्रजी दैनिकात, कीबोर्डच्या डाव्या काठावर राहते. इंग्रजीत अक्षरं दोन मापांची: कॅपिटल आणि स्मॉल. कुणाला मोठं करायचं, ते माझ्यावर बोट टेकवून ठरतं.

भिंतीवर नियम चिकटवलेत. नुसतं ‘सरकार’ म्हटलं तर लहान अक्षर. मग ते केंद्राचं असो, राज्याचं की शहराचं. खात्याचं पूर्ण नाव आलं, की मोठं. मंत्र्याच्या नावाआधीचं पदही मोठं. हे चुकलं की सकाळीच साहेबांच्या कचेरीतून फोन! मला त्याचा तोरा होता. मोठ्या लोकांसाठी झिजतेय, असं शेजारच्या कळांना सांगायची.

मग टी. नगरात फुलं विकणाऱ्या विजयलक्ष्मी उघड्या खड्ड्यात पडल्या. पाय मोडला. एका कचेरीने खड्डा शहराचा म्हटलं, दुसरीने राज्याचा, तिसरीने केंद्राचा. उपचाराचा भार कुणीच घेईना. आमचे जुने बातमीदार जनकोजी, तंजावरकडचे मराठी. ते तिथे गेले. खड्ड्याशेजारी पडलेल्या लोखंडी कठड्यावर खात्याचं नाव रंगवलेलं होतं. त्यांनी फोटो काढला, बातमीत पूर्ण नाव घातलं. त्या प्रत्येक मोठ्या अक्षराला मी दाबली गेले.

बातमी तपासायला शर्मिष्ठाबाई याच कीबोर्डवर बसल्या. त्या नागपूरच्या, उपसंपादक.

“सर, नाव काढतेय हं. ‘संबंधित यंत्रणा’ करते.”

“कां हो अम्मा? फोटो आहे की!”

“त्यांची बाजू आलेली नाही. आपली पद्धत माहितीये ना तुम्हाला?”

“फोन उचलत नाहीत ते! मंत्र्याचं अक्षर लहान झालं की बरा येतो त्यांचा फोन!”

“ओरडू नका. मला नोकरी करायचीय.”

“आणि तिला चालायचंय!”

नाव गेलं. ‘संबंधित यंत्रणा’ लहान अक्षरांत बसली; मला कुणी शिवलंही नाही. त्याच पानावर त्याच खात्याच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाची बातमी होती. तिथे प्रत्येक पद मोठं आहे ना, हे बाईंनी पुन्हा पुन्हा तपासलं. मी निमूट दबत राहिले.

दुसऱ्या दिवशी विजयलक्ष्मी कुबड्या घेऊन आल्या. बातमीवर बोट ठेवून जनकोजींना तमिळमध्ये म्हणाल्या, “अय्या, यात त्यांचं नाव कुठाय? दाखवा. हा कागद घेऊन तिथेच जाते.”

चार माणसांत भांडणारे जनकोजी शर्मिष्ठाबाईंकडे वळले. शर्मिष्ठाबाईंनी खुर्ची पुढे केली.

“बसायला नको, अम्मा,” विजयलक्ष्मी म्हणाल्या. “नाव द्या.”

बाईंचं बोट माझ्यावर आलं. थांबलं. उचललं गेलं.

तुम्ही विचाराल, ते नाव मी तरी का सांगत नाही? लाज वाटते, पण खरं सांगते. मला एकटीला कितीही दाबा, कागदावर काहीच उमटत नाही. सोबत अक्षर दाबणारं दुसरं बोट लागतं. ते कुणीतरी आणा.