चिमण्यांच्या पसंतीचा गहू

ताईंनी चार वर्षं रासायनिक खताचा कणही न घालता गहू पिकवला होता, आणि तो सरस आहे याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. त्यांची धाकटी भावजय संशोधन केंद्रात पक्ष्यांच्या खाण्याचा अभ्यास करायची. पाखरं सेंद्रिय गहू निवडतात की खतावरचा, हे तपासायचं काम तिच्याकडे आलंय असं कळताच ताई पिशवी घेऊन केंद्रात हजर झाल्या.

“माझाच गहू घे. पाखरांना कळतं सगळं.”

खतावरचा गहू त्यांच्या शेजाऱ्याच्या शेतातून आला, त्याच वाणाचा. भावजयीने केंद्रामागच्या मोकळ्या जागेत दोन ताटल्या टांगल्या. सकाळी दोन्हींत सारखा गहू भरायचा आणि संध्याकाळी उरलेल्याचं वजन करायचं. पहिला आठवडाभर ताईंची ताटली आधी रिकामी झाली. हे फोनवर कळलं मात्र, ताईंनी शेजाऱ्याला कुंपणावरून हाक मारून ऐकवलं.

भावजयीला मात्र एक गोष्ट खटकत होती. ताईंची ताटली झुडपाला लागून होती. ससाणा दिसला की चिमण्या भुर्रकन त्या झुडपात शिरायच्या. मग त्या गहू निवडत होत्या की जागा? दुसऱ्या आठवड्यापासून ती रोज ताटल्यांची अदलाबदल करू लागली. दोन-तीन दिवस काहीच ठरेना. त्यानंतर निकाल फिरला. ताटली कुठेही असो, शेजाऱ्याचा गहू आधी संपायचा.

“ताईंना तुम्ही सांगा ना,” ती नवऱ्याला म्हणाली.

“मी? लहानपणी मी तिच्या हातचा मार खाल्लाय. तूच सांग.”

शेवटी तिने ताईंनाच बोलावून घेतलं. खिडकीच्या काचेमागे खुर्ची टाकून ताई सकाळभर बसल्या. दोनदा चष्मा पुसून झाला.

“या चिमण्या त्याने पाळलेल्या तर नाहीत ना?” त्यांनी विचारलं.

“नाही हो ताई. प्रयोगशाळेतून दाणा तपासून आणलाय. तुमच्या गव्हात प्रथिनं कमी भरली, आणि पाखरांना तीच हवी असतात. जमिनीत नत्र कमी पडत असणार.”

ताईंनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, “म्हणजे पीक माझं उपाशी होतं. आणि मी त्याचं कौतुक करत बसले.”

“उपाशी नाही, अर्धपोटी,” भावजय म्हणाली, आणि दोघींनाही हसू आलं.

त्याच दुपारी ताई शेजाऱ्याकडे गेल्या. आधीचा निकाल स्वतःच्या तोंडाने ऐकवला होता, तर हाही आपणच सांगायला हवा असं त्यांना वाटलं. तो खोचक बोलेल अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. त्याने मात्र खुर्ची पुढे केली आणि विचारलं, “मग आता काय करणार?”

“गव्हाआधी वाटाणा घेणार. शेंगांच्या पिकाने जमिनीत नत्र वाढतं म्हणे.”

“माझ्याकडे पेरणीयंत्र आहे. घेऊन जा. आणि जमलं तर मलाही सांगा, खताची गोणी खिशाला काही हलकी नसते.”

पुढच्या वर्षी ताईंचा गहू पुन्हा ताटलीत पडला. दोन्ही ताटल्या जवळजवळ बरोबरीने रिकाम्या झाल्या. भावजयीने फोनवर आकडे वाचून दाखवले, तेव्हा ताई शेतातच होत्या. “बरं,” त्या म्हणाल्या, “ठेव फोन. शेजारी वाटाण्याचं बियाणं न्यायला आलाय.”