इमाने शिवलेले मोजे

मेमचाची लाथ बसली आणि समोरची पोरगी मॅटवर सपशेल बुडावर आपटली. हॉलभर आवाज घुमला, पण फलकावरचा आकडा ढिम्म हलला नाही.

"अजून मार!" कोपऱ्यातून ओजा इबोहल ओरडले. इंफाळच्या पत्र्याच्या शेडमध्ये लहानपणापासून तिला शिकवणाऱ्या या गुरुजींना एकच विद्या येत होती. लाथ अशी बसावी की पंचाने दचकून गुण द्यावा. पण आता गुण यंत्र देतं. मोज्यांतले चुंबक छातीवरच्या कवचाला भिडले की आकडा पडतो. समोरची दिल्लीची पोरगी एक पाय उचलून नुसती टोचत होती आणि गुण खात होती.

"याला तायक्वांदो म्हणायचं? या तर गुदगुल्या," मध्यंतरात मेमचा थुंकून म्हणाली.

भारताच्या संघाची ही निवड चाचणी होती. संघात आली तर पोलिसात नोकरी, नाहीतर जन्मभर त्याच शेडमध्ये चिल्ल्यापिल्ल्यांना वाकून नमस्कार करायला शिकवणं. सामन्याआधी मोजे कवचाला लावून तपासायचे असतात. पण टेबलामागच्या ब्लेझरवाल्याने हातातला समोसाही खाली ठेवला नव्हता. "जा, जा. तुम्हा लोकांना जन्मतःच लाथा येतात," म्हणाला होता. असल्या माणसापुढे काय तोंड वेंगाडायचं, म्हणून तीही मोजे न तपासताच मॅटवर गेली. यंत्राची तर तिला आधीपासूनच किळस होती.

ती हरली. रीतीप्रमाणे वाकली, समोरच्या प्रशिक्षकाशी हात मिळवला. "ताकद आहे गं, जरा डोकंही वापर," तो म्हणाला.

ओजांनी तिचे नवे मोजे दाबून पाहिले आणि त्यांचा चेहराच उतरला. चुंबकांच्या जागी कापूस होता. वरची टीप इतकी बारीक, की ती इमाची, तिच्या आईचीच, हे मेमचाला विचारावं लागलं नाही. मोजे घेऊन दोघं टेबलापाशी गेली आणि आईने नकळत चुंबक काढल्याचं सांगितलं.

"मोजे कोणाचे? तुमचेच ना? मग?" ब्लेझरवाला हसला. "पुढच्या वेळी आईलाच मॅटवर उतरवा."

घरी जाताना सगळ्या वाटेत तिने आईसाठी शब्दांना धार लावली. अडाणी बाई, कोणी सांगितलं होतं हात लावायला?

इंफाळला पोचताच ती थेट बायकाच चालवतात त्या बाजारात गेली. इमा सुक्या मासळीच्या ढिगामागे बसली होती.

"हरलीस?"

"हरले."

"लबाडी केली असणार मेल्यांनी. पाय तरी शाबूत आहेत ना? त्या मोज्यांत कसले कडक तुकडे घातले होते! बोटं सोलून निघाली असती. मी आपला कापूस भरला." इमाने तराजू पुढे केला. "तुकडे फेकले नाहीत हो. हे पारडं हलकं होतं, त्याला लावलेत. बघ कसे चिकटलेत. काही कामाचे होते का गं?"

लोखंडी पारड्याखाली चुंबक ओळीने बसले होते. मेमचाने त्यांच्याकडे बघितलं. मग आईच्या सुईने भोकं पडलेल्या बोटांकडे बघितलं. धार लावलेले सगळे शब्द तिने गिळले.

"नाही, इमा. मोजे मऊ होते."

इमा खूश झाली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मेमचा तिच्याशेजारी मांडी घालून बसली आणि तिने तराजू उचलला. काटा अगदी मधोमध उभा राहिला.