हिल्माच्या साउनातली गोष्ट

उल्हासची बदली टेक्सासातल्या अर्विंगहून साउथ डकोटाच्या माळावर झाली, तेव्हा अहिल्या रडली नाही. पण सामान बांधताना तिने कुकर असा आदळला की त्याचा एक कान तुटला. अर्विंगला मराठी मंडळ होतं, गणपती होता, हाकेच्या अंतरावर हिंग आणि कढीपत्ता होता. इथे काय? गवत. गवत संपलं की आकाश, आणि आकाश संपलं की पुन्हा गवत.

उल्हास पवनचक्क्यांच्या कंपनीत होता. शेतकऱ्यांकडून भाडेपट्ट्याने जमिनी घ्यायच्या आणि त्यावर पवनचक्क्या उभ्या करायच्या, हा त्याचा धंदा. अहिल्येच्या व्हिसावर नोकरीला बंदी होती. एम.एस्सी. झालेली बाई दिवसभर खिडकीतून वारा बघत बसायची आणि नवरा त्याच वाऱ्याचा पगार घ्यायचा. २००५चा तो पहिला हिवाळा तिने कसा काढला, ते तिचं तिलाच ठाऊक.

मग हिल्मा भेटली. सत्तरी उलटलेली, काठीसारखी ताठ, बोलणं अगदी मोजकं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. एक पुतण्या होता, वाइनो, तो शेजारची जमीन कसायचा. अहिल्येची गाडी बर्फात रुतली, तेव्हा हिल्मा फावडं घेऊन आली, गाडी मोकळी केली, एक शब्द न बोलता तिला घरी नेलं आणि कॉफीबरोबर पाव दिला. पावात वेलची होती. अहिल्येच्या डोळ्यांत पाणी आलं. वेलचीसाठी कुणी रडतं का? पण चार महिने कुणाशी धड बोलायला मिळालं नाही की माणूस कशासाठीही रडतं.

हिल्माचे आजोबा-आजी फिनलंडहून या माळावर आले, त्याला सव्वाशे वर्षं होत आली होती. सगळी मिळून अकरा कुटुंबं. त्यांची तऱ्हाच न्यारी. नवी जमीन मिळाली की आधी घर नाही, आधी साउना बांधायचा. ओंडक्यांची एक खोली, कोपऱ्यात दगडांची चूल. दगड लाल झाले की त्यांवर पाणी मारायचं आणि वाफेत घाम गाळायचा. घर उभं राहीपर्यंत त्याच खोलीत राहायचं, बायकांनी तिथेच बाळंत व्हायचं, आणि कुणी गेलं तर शेवटची आंघोळही तिथेच. बाकीचं सगळं त्यांनी मिळून उभारलं. एकाने हाक मारायची, उरलेल्यांनी कुऱ्हाडी घेऊन यायचं, यजमानाने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. चर्च असं झालं, सभेचा हॉल असा झाला, दुधाची सोसायटीसुद्धा.

"अहो मावशी, ही तर आमची इर्जिक!" अहिल्या म्हणाली. मावशी म्हणजे आईची बहीण, हे तिने समजावून सांगितलं. हिल्माने ते ऐकून घेतलं, कॉफी ढवळली आणि त्या दिवसापासून मावशी या हाकेला ओ द्यायला लागली.

दर शनिवारी दुपारी हिल्मा साउना तापवायची. शेजारच्या दोघी यायच्या, आणि आता अहिल्या. पहिल्यांदा ती टॉवेल गच्च आवळून बसली होती. हिल्मा म्हणाली, "इथे कुणी बघत नाही." आणि खरंच कुणी बघितलं नाही. साउनात चर्चमध्ये असल्यासारखं वागायचं, असा त्यांचा नियम. भांडण नाही, धंद्याच्या गोष्टी नाहीत, आणि आत बोललेलं आतच ठेवायचं. बाहेर दहा वाक्यांत दिवस काढणाऱ्या त्या बायका वाफेत बसल्या की मन मोकळं करायच्या. अहिल्याही करायची. मूल होत नाही, हे तिने सख्ख्या बहिणीलासुद्धा सांगितलं नव्हतं, ते तिथे सांगितलं.

साउनाचा हा नियम तिने कौतुकाने उल्हासलाही सांगितला. "वॉव, नाइस यार," तो म्हणाला. हल्ली तो शनिवारी घरीच थांबायचा. ती परतली की साबुदाण्याची खिचडी तयार असायची. ज्या माणसाने लग्नानंतर चहासुद्धा केला नव्हता, तो दाण्याचं कूट करून ठेवायचा आणि समोर बसून विचारायचा, "बोल, काय काय गप्पा झाल्या?" अहिल्या हरखून जायची. माळाने आपला नवरा आपल्याला परत दिला, असं तिला वाटायचं.

इकडे पवनचक्क्यांचं घोडं अडलं होतं. कंपनीला हवं होतं ते गावाबाहेरचं टेकाड, कारण वारा तिथेच खरा. त्याच टेकाडावर पहिल्या अकरा कुटुंबांच्या कबरी होत्या. कबरींची जागा चर्चची, पण भोवतालची सगळी जमीन वाइनोची. पवनचक्क्यांना कुणाचा विरोध नव्हता. फक्त त्या कबरींच्या डोक्यावर नकोत, एवढंच. गावाने ठरवलं होतं की सह्या करायच्या तर सगळ्यांनी मिळून आणि टेकाड वगळून, नाहीतर कुणीच नाही. कंपनी टेकाड सोडायला तयार नव्हती.

२००७च्या फेब्रुवारीतला एक शनिवार. त्या दिवशी शेजारणी आल्या नव्हत्या. हिल्माने दगडांवर पाणी टाकलं आणि वाफेतच बोलली.

"वाइनो जायचं म्हणतोय. शेती नको झालीय त्याला. मिनिआपोलिसला एक बाई आहे, तिच्याजवळ. माझ्या टेबलाशी बसून लहान मुलासारखा रडला. कंपनीचे पैसे घेतले तर सुटेल, पण टेकाडाला मुंगीएवढा धक्का लागला तरी गाव तोंड बघणार नाही, म्हणून अडकलाय बिचारा. अजून कुणाला माहीत नाही."

अहिल्येने तिचा हात धरला.

घरी खिचडी तयार होती. "आज गप्प का गं?" उल्हासने विचारलं. तिने सांगितलं. का सांगितलं? अहो, नवऱ्याला सांगितलं, ते सांगणं असतं होय? दिवसभराचं मन रिकामं करायला जगात तिला एकच माणूस होतं. शेवटी ती म्हणालीसुद्धा, "हे तुझ्यामाझ्यात हं."

"ऑफ कोर्स," उल्हास म्हणाला आणि तिच्या ताटात आणखी खिचडी वाढली.

मार्चमधल्या एका रविवारी, चर्च सुटल्यावर, हॉलमध्ये गावाची सभा भरली. उल्हास अहिल्येला मुद्दाम घेऊन गेला. कॉफी फिरली, वेलचीचा पाव फिरला. मग उल्हास उभा राहिला आणि हसतमुखाने म्हणाला की वाइनोला गाव सोडायचं होतं, कंपनीने पैसे देऊन त्याची सोय केली आणि त्याने सही केली आहे. टेकाडासकट. पहिल्या पवनचक्कीचं काम उन्हाळ्यात सुरू होईल, तेव्हा बाकीच्यांनी उगाच मागे राहू नये.

कुणी ओरडलं नाही. ही माणसं ओरडत नाहीत. वाइनो जागेवर नव्हताच. तो आदल्याच दिवशी सामानसुमान घेऊन निघून गेला होता. शेवटी एका म्हाताऱ्याने विचारलं, "तो जाणार हे आम्हालाही माहीत नव्हतं. तुला कसं कळलं?"

इथे उल्हासला काहीतरी थाप मारता आली असती. एरवी तो कमी थापा मारायचा नाही. पण त्याला आपण या गावचेच आहोत असं दाखवायचं होतं. "वुई आर लाइक फॅमिली हिअर," तो म्हणाला. "माझ्या बायकोला हिल्मानेच सांगितलं. साउनात."

हॉलमधली सगळी डोकी हिल्माकडे वळली. हिल्माने कुणाकडे पाहिलं नाही. तिने कप बशीत ठेवला, कोट घातला, गुंड्या एकेक करून लावल्या आणि बाहेर पडली. तिला कुणी अडवलं नाही, की कुणी तिच्यासोबत गेलं नाही. सव्वाशे वर्षं अभंग राहिलेली गावाची एकी हिल्माच्या तोंडामुळे फुटली, असंच आता गाव म्हणणार होतं.

आणि अहिल्येला ती सगळी खिचडी आठवली. एकेका शनिवारची.

गाडीत ती म्हणाली, "तू मला विकलंस."

"ड्रामा नको यार. सांगितलंस तूच ना? मी काय तुझं डोकं फोडून काढलं का?"

"नियम माहीत होता तुला. मीच सांगितला होता."

"तो त्यांचा नियम. आपण थोडेच फिनिश आहोत? आणि हे प्रोजेक्ट झालं की ग्रीन कार्ड फाइल होणारेय. तुलाच जॉब करता येईल. कुणासाठी करतोय मी हे सगळं?"

त्याला खरंच तसं वाटत होतं, हे तिला दिसलं. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

पुढच्या शनिवारी ती गेली. न जाऊन कसं चाललं असतं? साउनाच्या धुराड्यातून धूर निघत होता. तिने दार वाजवलं. हिल्मा बाहेर आली. केस ओले, खांद्यांवरून थंडीत वाफ निघत होती. मागे आत कुणी नव्हतं. शेजारणीही यायच्या बंद झाल्या होत्या.

"आज साउना तापवलेला नाही," हिल्मा म्हणाली. जन्मात खोटं न बोललेल्या बाईला ते नीट बोलताही आलं नाही.

"मावशी, तो असं करेल हे मला माहीत नव्हतं. शप्पथ सांगते."

"माहीत आहे मला. तुझी चूक नाही." हिल्माचा आवाज मऊच होता, आणि तोच सहन होत नव्हता. "तू चांगली मुलगी आहेस. पण इथून तू घरी जातेस, आणि घरी तो असतो. पुढच्या वेळीही तुला माहीत नसेल."

मी सोडते त्याला, असं अहिल्येला म्हणावंसं वाटलं. पण ज्या देशात तिचं राहणं उल्हासच्या कागदावर होतं, तिथे ते म्हणायला लागणारं बळ तिला ओठांपर्यंत आणता आलं नाही. हिल्मा तेवढा वेळ थांबली. उघड्या अंगाने, बर्फात, चांगला वेळ थांबली. उत्तर येत नाही म्हटल्यावर तिने दार ओढून घेतलं आणि आतून, त्या माळावर कुणीच कधी लावत नाही ती कडी लावल्याचा आवाज आला.