अकरा भाग उंबऱ्यावर

माझी बायको द्वारका एका मंगळवारी संध्याकाळी साडेसात वाजता टीव्हीत राहायला गेली. तुमच्यापैकी एकाचाही यावर विश्वास बसणार नाही, पैज लावतो. बसलाच, तर सांगण्यात मी कमी पडलो असं समजेन.

दारात बसलेल्यांनी एकमेकांकडे बघितलं. दारात म्हणजे बाहेर गॅलरीत. आत जागा नाही, ते पुढे येईलच. सगळ्यांत पुढे शेजारचे गोकुळ मास्तर होते, त्यांच्या मागे लीलाबाई सोनवणे, मांडीवर भाजलेल्या शेंगांची पाटी घेऊन.

"द्वारकाबाई पाचोऱ्याला बहिणीकडे आहेत, तात्या," लीलाबाई म्हणाली. "तुमच्या थापांना कंटाळून गेल्या. सगळ्या आळीला माहीत आहे."

"मग रोज साडेसातला दिसते ती कोण?"

"तशी दिसणारी बाई. एकासारखी सात माणसं असतात जगात," मास्तर म्हणाले. "तुमच्यासारखा एकच आहे, हे नशीब."

टीव्हीवर जाहिरात चालू होती. मालिकेला पंधरा मिनिटं होती आणि तेवढ्यात मला सांगून संपवायचं होतं, कारण त्या दिवशी द्वारका नाव घेणार होती. नवी नवरी उंबऱ्यावर उखाण्यात घेते, ते नाव. माझं घेतलं तर ती घरी येणार होती. मालिकेतल्या त्या पोराचं घेतलं, तर ती गेली.

तर ऐका. चाळीसगावात टॉकीजच्या दारावर मी बत्तीस वर्षं तिकिटं फाडली. दार उघडलं की सिनेमाचा एक तुकडा दिसायचा, मिटलं की गेला. मधलं सगळं मी रचायचो आणि पानाच्या टपरीवर सांगायचो. आतल्यापेक्षा तात्याचा सिनेमा बरा, असं लोक म्हणायचे. द्वारकेनं माझा एकही सिनेमा शेवटपर्यंत ऐकला नाही. तिला मालिका आवडायची. "तिथली माणसं संध्याकाळी घरात असतात," म्हणायची.

साडेसातच्या मालिकेत यशोधन रायरीकर नावाचा श्रीमंताचा मुलगा होता. एका शुक्रवारी घाटात त्याची गाडी दरीत गेली. द्वारका उठली, मोरीत गेली, डोक्यावरून पाणी घेऊन आली.

"सुतक आहे," ती म्हणाली.

"कुणाचं?"

"चार वर्षं रोज आपल्या जेवणाच्या वेळेला येत होता. परका होय?"

नऊ दिवस देवाला फूल नाही, आमटीला फोडणी नाही. दहाव्या दिवशी तिनं गच्चीच्या कठड्यावर भाताचा पिंड ठेवला. कावळे आले, बसले, शिवेनात. गेलेल्याची इच्छा अडकली असेल तर कावळा शिवत नाही. मग ती ओळखून घरच्यांनी वचन द्यायचं असतं.

"तुझ्या आईसाहेबांना अंतर देणार नाही," द्वारका हात जोडून म्हणाली.

कावळा मान वाकडी करून बघत राहिला.

"तुझ्या बहिणीचं लग्न लावू. कंपनी चुलत्याच्या घशात जाऊ देणार नाही."

दीड वाजला. कावळा शिवेपर्यंत जेवायचं नाही आणि माझ्या पोटात तर आग पडलेली. मी थट्टेनं म्हटलं, "बाबा रे, माझी खुर्ची घे, पण शिव." कावळ्यानं लगेच चोच मारली.

टीव्हीतली जाहिरात मध्येच थांबली, खरखरली, पुन्हा सुरू झाली.

"खुर्ची?" मास्तरांनी विचारलं. "नुसती खुर्ची?"

"नुसती खुर्ची," मी म्हणालो.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी यशोधन मालिकेत परत आला. दरीतलं प्रेत दुसऱ्याच कुणाचं निघालं. याच्या तोंडभर पट्ट्या. अशा वेळी आई मुलाकडे बघते. आईसाहेबांनी आमच्याकडे बघितलं. त्यांच्यात बघायचं ते तीनदा बघतात: मान वळवतात, पुन्हा वळवतात, आणि तिसऱ्यांदा वळवली की काहीतरी वाईट ठरलेलं असतं.

सकाळी बेल वाजली. दारात दोघंही. आईसाहेब आठ वाजता भरजरी शालूत होत्या.

"आमच्या माणसाचं सुतक तुम्ही पाळलंत," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही आमचे भाऊबंद. वाटणी करायला आलोय."

"अहो, ती मालिका होती."

"मालिकेत होती ती दरी. दहावा तुमच्या गच्चीवर झाला."

यशोधन माझ्या खुर्चीत बसला. पट्ट्यांमधून त्याचा एक डोळा दिसत होता, तो माझ्यावर होता. द्वारकेनं चहा केला. दोघांनी कप तोंडाला लावले, घोट घेतले, ओठ टिपले. कप भरलेलेच परत आले.

आमचा हॉल बारा फरश्या लांब होता. दुसऱ्या दिवशी मोजल्या तर अकरा. रोज साडेसातला एक फरशी समोरच्या भिंतीखाली जायची, आवाज न करता. भिंतीवर बोट वाजवलं की प्लायवूड वाजायचं आणि पलीकडे कुणीतरी खिळे ठोकायचं थांबायचं.

"माझं घर आवळताय तुम्ही," मी आईसाहेबांना म्हणालो.

"वाटणीत असंच होतं, भावजी," त्या म्हणाल्या. "आणि मोठ्यानं बोलू नका. आमच्यात माणसं मनातल्या मनात बोलतात आणि ते सगळ्यांना ऐकू येतं."

द्वारका दागिने घालून झोपायला लागली. मीठ मागितलं तर आधी खिडकीपर्यंत चालत जायची, माझ्याकडे पाठ करून उभी राहायची आणि मग म्हणायची, "मीठ... संपलंय."

"अगं, तोंड इकडे करून बोल की!"

"इकडे करून बोलत होते तेव्हा कुठे ऐकलंत?" हेही तिनं खिडकीलाच सांगितलं.

अशा नऊ फरश्या गेल्या. मंगळवारी तीन उरल्या, टीव्ही खुर्चीला येऊन टेकला. साडेसात वाजता आईसाहेब उठल्या आणि टीव्हीत शिरल्या. यशोधन शिरला. त्यानं आतून हात पुढे केला. द्वारका बासष्ट वर्षांची, जिना चढताना दोनदा थांबणारी बाई. तिनं निऱ्या सावरल्या आणि एका पावलात आत गेली. मी तिचा पदर धरला होता. पदर काचेत गेला तसा माझ्या मुठीत गारवा राहिला.

आत रायरीकरांचा उंबरा, उंबऱ्यावर तांदळाचं माप. "नाव घे, माप ओलांड आणि ये," आईसाहेब म्हणाल्या. तिथे तो भाग संपला. त्यानंतर अकरा भाग झाले, द्वारका उंबऱ्यावरच उभी आहे. एका भागात निरांजन दाखवतात, एका भागात माप, एका भागात चुलतीचे डोळे. मालिकांचं तुम्हाला माहीत आहे. मी रोज हाका मारतो. इकडचं तिकडे ऐकू जातं. मी खोकलो की आईसाहेब आवाज चढवतात.

ती गेल्यावर आणखी दोन फरश्या गेल्या आणि भिंत थांबली. आता माझ्याकडे एकच फरशी आहे. गुडघे काचेला लागतात. म्हणून तुम्ही गॅलरीत.

"सामान कमी करा, तात्या," लीलाबाई शेंग सोलत म्हणाली. "आणि थापाही."

"बारा फरश्या कुणी मोजल्या होत्या?" मास्तरांनी विचारलं.

"मी."

"मग झालं."

तेवढ्यात मालिकेचं संगीत लागलं. निरांजन दिसलं. माप दिसलं. मापामागे द्वारकेची पावलं दिसली, डाव्या अंगठ्याला आमच्याच मोरीत लागलेली ठेच अजून तशीच होती.

"नाव घे," आईसाहेब म्हणाल्या.

मी काचेला तोंड लावलं. "द्वारके, माझं घे. खुर्ची देऊन बसलोय त्याला. आणखी काय द्यायचं राहिलंय माझं?"

तिनं यशोधनकडे बघितलं नाही. आईसाहेबांकडेही नाही. ती वळली ती थेट आमच्याकडे, तोंड इकडे करून.

"खोटं," द्वारका म्हणाली. गॅलरीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. "खुर्ची नव्हता म्हणालात. 'हिला घेऊन जा, पण मला जेवू दे,' असं म्हणालात. मी हात जोडून शेजारीच उभी होते."

तिचा उजवा पाय मापाला टेकला. माझ्या मागे गॅलरीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. एकदा. दोनदा.